अंगणात अडलेला यंत्रमानव

सुटे भाग जोडून तयार होणारा छोटा यंत्रमानव आता पुष्कळ शाळांतून दिसतो. प्लॅस्टिकची एक सपाट पट्टी, तिच्याखाली दोन पिवळ्या मोटारी, दोन चाके, पुढे आधाराला एक फिरकी चाक, वर पेन्सिल सेलची डबी आणि दोन-तीन विद्युतमंडलांच्या पट्ट्या, असे त्याचे रूप असते. २०१६ साली अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची योजना सुरू झाली. तेव्हापासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांच्या हाती असे संच अधिक प्रमाणात येऊ लागले. सूचनापुस्तिका उघडावी, स्क्रू आवळावेत, तारा जोडाव्यात आणि बटण दाबावे, की यंत्रमानव फरशीवर ऐटीत धावू लागतो.

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. समजा, बीड जिल्ह्यातील केज तालुक्याच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाला पंधरा दिवस उरले आहेत. तेथील मुलांनी ठरवले, की आपला यंत्रमानव पाण्याची लहान बाटली घेऊन शाळेच्या बागेतील रोपापर्यंत जाईल. वाट दाखवण्यासाठी काळ्या मातीवर खो-खोच्या मैदानासारखी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली. बटण दाबले. यंत्रमानव दोन हात गेला आणि अडला. मोटारी नुसत्या घुमू लागल्या. मध्येच त्याच्या पट्टीवरचा दिवा विझला, पुन्हा लागला आणि यंत्रमानवाने सारे काम पहिल्यापासून आरंभले. दुपारच्या उन्हात तर त्याला रेघच दिसेना.

मुलांजवळ वर्गणीचे थोडेसे पैसे होते. एक म्हणाला, “मोठ्या मोटारी आणू.” दुसरी म्हणाली, “मोठी बॅटरी आणू.” तिसऱ्याचे मत पडले, की यंत्रमानवाचा मेंदूच जुना आहे, तो बदलावा. पैसे एकाच वस्तूपुरते होते. मग कोणाचे ऐकावे?

या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते यंत्रमानवालाच विचारावे लागते. कसे विचारायचे, ते या लेखात पाहू.

कमकुवत कडी

कोणतेही यंत्र ही एक साखळी असते. आपल्या यंत्रमानवात ऊर्जा विद्युतघटातून निघते, मोटार चालवणाऱ्या विद्युतमंडलातून, म्हणजे ‘ड्रायव्हर’मधून जाते, मोटारीत पोचते, तिच्या दातेरी चाकांतून यंत्रमानवाच्या चाकाला मिळते आणि शेवटी चाक जमिनीला मागे रेटते. या साखळीतील सर्वांत कमकुवत कडी जितके पेलेल तितकेच सारे यंत्र पेलते. इतर कड्या कितीही भक्कम केल्या तरी उपयोग होत नाही.

याचे एक मोठे उदाहरण बीड जिल्ह्यातच घडले. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्राची क्षमता हजार मेगावॉटहून अधिक होती. तरीही २०१५ साली ते बंद ठेवावे लागले. जनित्रे मोडली म्हणून नव्हे, तर दुष्काळाने धरणातले पाणी आटले म्हणून! वाफेसाठी आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी पाणीच नसेल, तर जनित्र कितीही उत्तम असून काय करणार? त्या वेळी कोणी आणखी मोठे जनित्र आणून बसवले असते, तरी एक दिवाही लागला नसता.

म्हणून यंत्रमानवाचा कोणताही भाग बदलण्याआधी पहिला प्रश्न हा, की आपली कमकुवत कडी कोणती?

आधी लक्षणे पाहा

वैद्य नाडी पाहिल्याशिवाय औषध देत नाही. आपणही तसेच करू. यंत्रमानव मातीवर अडतो, तेव्हा त्याच्याजवळ बसून नीट पाहा.

चाके जागच्या जागी गरगर फिरतात, पण यंत्रमानव पुढे सरकत नाही, असे दिसले तर मोटारीचा जोर पुरेसा आहे. कमी पडते ती चाकाची पकड. अशा वेळी मोठी मोटार बसवली, तर चाक अधिक जोराने घसरेल आणि माती उकरील, इतकेच.

चाके थांबतात आणि मोटारी घुमतात, असे असेल तर पकड आहे, पण चाक फिरवणारा जोर कमी पडतो. त्याचे कारण मोटारीत असू शकते किंवा मोटारीला मिळणाऱ्या विजेत.

मोटारी सुरू होताच दिवा विझून पुन्हा लागत असेल, तर मेंदूला मिळणारा विद्युतपुरवठा क्षणभर तुटतो आहे. मुलांना वाटते, आज्ञावली चुकली. ती तासन्‌तास तपासली जाते आणि चूक काही सापडत नाही, कारण ती तेथे नसतेच.

यंत्रमानव सावलीत रेघ धरतो आणि उन्हात सोडतो, असे असेल तर दोष त्याच्या डोळ्यांत, म्हणजे संवेदकात आहे.

आपल्या उदाहरणात दुसरे, तिसरे आणि चौथे अशी तीन लक्षणे एकत्र दिसतात. पहिल्या दोहोंचा माग एकाच वाटेने जातो. ती वाट विजेची आहे.

वीज वाटेत कोठे हरवते?

आपल्या डबीत प्रत्येकी १.५ व्होल्टचे चार पेन्सिल सेल आहेत. चार गुणिले दीड म्हणजे ६ व्होल्ट. पिवळी मोटारही ६ व्होल्टपर्यंत चालणारी आहे. कागदावर हिशेब जुळला. आता मल्टिमीटर घ्या आणि यंत्रमानव मातीवर जोर लावत असताना मोटारीच्या दोन टोकांमधील विभवांतर, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत ‘व्होल्टेज’, मोजा. ते ६ येणार नाही. बहुधा ३ ते ३.५ व्होल्टच्या आसपास येईल. मग उरलेले व्होल्ट गेले कोठे?

पहिली गळती सेलमध्येच होते. प्रत्येक विद्युतघटाला स्वतःचा थोडासा रोध असतो. त्याला अंतर्गत रोध म्हणतात. समजा, एका अल्कलाइन पेन्सिल सेलचा अंतर्गत रोध ०.२ ओहम आहे. चार सेल एकापुढे एक जोडले, की तो ०.८ ओहम होतो. मातीवर प्रत्येक मोटार अर्धा अँपिअर विद्युतधारा घेते असे धरू. दोन मोटारी मिळून १ अँपिअर झाला. ओहमच्या नियमाप्रमाणे सेलमध्येच १ × ०.८ = ०.८ व्होल्ट खर्च होतात. राहिले ५.२ व्होल्ट.

दुसरी गळती ड्रायव्हरमध्ये होते. मेंदूच्या एका टोकातून केवळ २०-३० मिलिअँपिअर विद्युतधारा घेता येते. मोटारीला त्याच्या कितीतरी पट हवी. म्हणून मेंदू केवळ इशारा देतो आणि ड्रायव्हर मोठी विद्युतधारा मोटारीत सोडतो. शालेय संचात बहुधा ‘एल २९८’ या जातीचा ड्रायव्हर असतो. त्याच्या आत जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत आणि ते आपली दस्तुरी म्हणून सुमारे २ व्होल्ट ठेवून घेतात. ५.२ मधून २ गेले, राहिले ३.२ व्होल्ट! हे २ व्होल्ट उष्णतेत जातात. म्हणूनच त्या पट्टीवरचा धातूचा पंखेदार तुकडा हाताला गरम लागतो. २ व्होल्ट गुणिले १ अँपिअर म्हणजे २ वॉट शक्ती तेथे वाया जाते.

मोटार थांबते त्या क्षणी ती जास्तीत जास्त जितका जोर लावू शकते, तो तिला मिळणाऱ्या विभवांतराच्या प्रमाणात असतो. ६ ऐवजी ३.२ व्होल्ट मिळाले, म्हणजे मोटारीचा जोर जवळजवळ निम्मा झाला. बिचारी मोटार लहान नव्हती. ती उपाशी होती!

तिसऱ्या लक्षणाचे कारणही येथेच सापडते. मोटार थांबलेल्या स्थितीतून सुरू होते तेव्हा ती चालू असतानापेक्षा कितीतरी जास्त विद्युतधारा खेचते. त्या क्षणी सेलचे विभवांतर आणखी घसरते. मेंदू त्याच सेलवर चालत असेल, तर त्याला भोवळ येते आणि तो काम पहिल्यापासून सुरू करतो. गावात विहिरीवरचा पंप सुरू होताच घरातला दिवा क्षणभर मंद होतो, तसाच हा प्रकार.

आता पेन्सिल सेलऐवजी त्याच आकाराचे, पुन्हा प्रभारित करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड घट घेऊन पाहू. त्यांतील प्रत्येकाचे विभवांतर १.२ व्होल्टच असते, म्हणून चारऐवजी सहा घेऊ. एकूण ७.२ व्होल्ट झाले. त्यांचा अंतर्गत रोध बराच कमी, प्रत्येकी सुमारे ०.०३ ओहम असतो. सहांचा मिळून ०.२ ओहमच्या आत. १ अँपिअरला गळती ०.२ व्होल्ट. राहिले ७. ड्रायव्हरने २ घेतले तरी मोटारीला ५ व्होल्ट मिळतात. ३.२ वरून ५! मोटार तीच, ड्रायव्हर तोच, आणि जोर दीडपट. शिवाय मेंदूच्या ५ व्होल्टच्या नियामकाला आता पुरेसे विभवांतर मिळते, म्हणून त्याची भोवळही बहुधा थांबते. एका बदलाने दोन दुखणी बरी झाली.

मात्र येथेही फुकट काही मिळत नाही. दोन सेल वाढल्याने यंत्रमानवाचे वजनही थोडे वाढले. १ किलोग्रॅम वजनाच्या यंत्रमानवाला हे चालते. पण हाव धरून मोठी बॅटरी लादत गेलो, तर एक वेळ अशी येते, की मोटारीचा वाढलेला जोर बॅटरीचेच ओझे वाहण्यात खर्च होतो.

आणखी पुढे जायचे असेल तर ड्रायव्हर बदलता येतो. मॉसफेट जातीच्या ट्रान्झिस्टरचे नवे ड्रायव्हर, उदाहरणार्थ ‘टीबी ६६१२’, अर्ध्या अँपिअरला केवळ पाव व्होल्टच्या आसपास ठेवून घेतात. पण मग सहा सेलवर मोटारीला पावणेसात व्होल्ट मिळू लागतील. ते ६ व्होल्टच्या मोटारीला जास्त आहेत. म्हणून या ड्रायव्हरबरोबर पाच सेल पुरेत, किंवा आज्ञावलीत मोटारीच्या वेगाला मर्यादा घालावी. एक भाग बदलला, की शेजारच्या भागाचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो, तो असा.

मोठी मोटार की संथ मोटार?

समजा, ५ व्होल्ट देऊनही यंत्रमानव चढावर अडतो आहे. आता मोटारीकडे वळू.

संचातील पिवळ्या मोटारीच्या पोटात एक लहान मोटार फार वेगाने फिरते आणि दातेरी चाकांची माळ तो वेग कमी करते. नेहमीच्या जातीत हे प्रमाण ४८ ला १ असते. आतली मोटार ४८ फेरे फिरते तेव्हा बाहेरचा दांडा एक फेरा फिरतो. वेग ४८ पट कमी झाला, पण घर्षणात जाईल तेवढा सोडला तर फिरवणारा जोर जवळजवळ त्याच प्रमाणात वाढला. या फिरवणाऱ्या जोराला शास्त्रीय भाषेत परिबल म्हणतात. गिअरच्या सायकलवर चढ चढताना आपण हेच करतो. पाय भराभर फिरतात, चाक सावकाश फिरते, पण चढ चढला जातो.

आपली मोटार ६ व्होल्टला मिनिटाला सुमारे २०० फेरे फिरते असे धरू. चाकाचा व्यास ६.५ सेंटिमीटर, म्हणजे परीघ सुमारे २०.४ सेंटिमीटर. मिनिटाला २०० फेरे म्हणजे सेकंदाला ३.३ फेरे. यंत्रमानवाचा वेग सेकंदाला सुमारे ६८ सेंटिमीटर झाला. रोपाला पाणी नेणाऱ्याला इतकी घाई कशाला? याच आकाराची, याच स्क्रूंवर बसणारी पण मिनिटाला १०० फेऱ्यांची मोटार बाजारात मिळते. तिचा वेग निम्मा आणि जोर साधारण दुप्पट. ती जास्त विद्युतधारा मागत नाही, त्यामुळे ड्रायव्हर आणि सेल यांना धक्का लागत नाही.

याउलट १२ व्होल्टची मोठी मोटार आणली तर काय होईल? ती अडली तर काही अँपिअर विद्युतधारा मागेल. लहान संचांत असणाऱ्या ‘एल २९३ डी’ या ड्रायव्हरची एका मोटारीसाठी सततची क्षमता केवळ ०.६ अँपिअर आहे. तो तापून बंद पडेल किंवा जळेल. मग मोठा ड्रायव्हर, मग मोठी बॅटरी, मग ते वजन पेलणारी नवी पट्टी. मोटारीपासून निघालेला खर्च सबंध यंत्रमानव बदलून थांबेल!

सुधारणा म्हणजे प्रत्येक वेळी वेग वाढवणे नव्हे. २०२३ साली चंद्रयान-३ मधून चंद्रावर उतरलेल्या २६ किलोग्रॅमच्या ‘प्रज्ञान’ गाडीचा वेग सेकंदाला सुमारे १ सेंटिमीटर होता. आपल्या संथ यंत्रमानवापेक्षाही ती कितीतरी सावकाश चालली, पण तिने आपले काम चोख केले.

चाके: बैलगाडीने शिकवलेला धडा

चाकांचा विचार करताना आपल्या जिल्ह्यातील मुलांना दूर जायला नको. दिवाळीच्या सुमारास धारूर, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ऊसतोडणीला निघणारी कुटुंबे त्यांनी पाहिली आहेत. त्यांतील पुष्कळ मुले स्वतःही त्या वाटेने गेली असतील. उसाच्या फडात लाकडी चाकांच्या गाडीची जागा रबरी टायरच्या गाडीने घेतली. लोखंडी धावेचे अरुंद चाक मऊ जमिनीत रुतते. रुतलेले चाक सतत आपल्यासमोरचा मातीचा लहानसा चढ चढत असते. रुंद टायर भार जास्त क्षेत्रफळावर पसरवतो आणि कमी रुतते. शिवाय आसावरच्या बेअरिंगमुळे घर्षण घटते. म्हणून टायरगाडीत जास्त ऊस भरता येतो.

पण गाडीत ऊस वाढला आणि बैलांच्या मानेवर जुवाचा भारही वाढला. कमकुवत कडी चाकापासून सरकून बैलाच्या मानेवर गेली! २०२२ साली सांगली जिल्ह्यातील राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी नेमके हेच हेरले. त्यांनी दोन बैलांच्या मधोमध जुवाखाली एक फिरते आधारचाक बसवले आणि त्या योजनेला ‘सारथी’ नाव दिले. गाडी तीच, बैल तेच. जेथे भार पडत होता तेथेच आधार दिला.

आपल्या यंत्रमानवाचे चाक मातीवर घसरत असेल तर पंक्चरच्या दुकानातून सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा आणा. त्याचा रुंद पट्टा कापून चाकावर घट्ट चढवा. पकड वाढेल आणि चाक कमी रुतेल. खर्च जवळजवळ नाही.

मोठ्या व्यासाचे चाक लावण्याचा मोहही होतो. मोठे चाक ढेकळावरून सहज जाते हे खरे, पण हिशेब पाहा. यंत्रमानवाला मातीवर ढकलायला २ न्यूटन बल लागते असे समजू. प्रत्येक चाकाच्या वाट्याला १ न्यूटन. ६.५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची त्रिज्या ३.२५ सेंटिमीटर, म्हणून लागणारे परिबल ३.२५ न्यूटन-सेंटिमीटर. १० सेंटिमीटर व्यासाचे चाक लावले, तर त्रिज्या ५ आणि परिबलही ५ न्यूटन-सेंटिमीटर. मोटारीवर दीडपट भार! म्हणून मोठे चाक लावायचे तर संथ मोटारही हवी.

दोष पाहून चाक सुधारण्याचे एक उदाहरण मंगळावरचे आहे. ‘क्युरिऑसिटी’ ही अमेरिकेची गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये मंगळावर उतरली. अणकुचीदार खडकांमुळे तिच्या चाकांच्या ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्याला भोके पडल्याचे २०१३ मध्ये दिसले. तेथे जाऊन चाक बदलणे शक्य नव्हते. म्हणून २०१७ साली शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून नवी आज्ञावली पाठवली. खडकावर चढताना प्रत्येक चाकाचा वेग जुळवून चाकांवरचा ताण कमी करण्याचे काम ती करते. २०२१ साली उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीचा सांगाडा पुष्कळसा तसाच ठेवला, पण चाके बदलली. पत्रा जाड केला, व्यास ५० वरून साडेबावन्न सेंटिमीटर केला, रुंदी कमी केली आणि चाकावरच्या २४ नागमोडी कड्यांऐवजी ४८ जवळजवळ सरळ कडा दिल्या. जेथे भोक पडले होते, तेथेच सुधारणा झाली.

उन्हात आंधळा, उन्हाळ्यात चुकीचा

रेघ ओळखणारा संवेदक स्वतः अवरक्त किरण सोडतो आणि जमिनीवरून परत आलेले किरण मोजतो. पांढऱ्या फक्कीवरून पुष्कळ किरण परततात, काळ्या मातीवरून थोडे. पण सूर्यप्रकाशातही भरपूर अवरक्त किरण असतात. दुपारच्या उन्हात ते चोहीकडून संवेदकात शिरतात आणि पांढरे-काळे यांतला फरक बुडून जातो. जत्रेच्या गोंगाटात कानगोष्ट ऐकू येत नाही, तसेच हे. महाग संवेदक घेण्यापूर्वी जाड काळ्या कागदाचा पडदा संवेदकाभोवती जमिनीलगत येईल असा लावून पाहा. यंत्रमानव आपल्या डोळ्यांवर आपणच सावली धरील.

अडथळ्याचे अंतर मोजणारा स्वनातीत संवेदक मात्र वेगळी फसवणूक करतो. तो सेकंदाला ४०,००० कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी येईपर्यंतचा वेळ मोजतो. त्यावरून अंतर काढताना आज्ञावलीत ध्वनीचा वेग बहुधा सेकंदाला ३४० मीटर धरलेला असतो. पण हा वेग तापमानाबरोबर बदलतो. ० अंश सेल्सिअसला तो सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. मे महिन्यात हवा ४२ अंशांवर गेली, की तो सुमारे ३५६ मीटर होतो. मग १०० सेंटिमीटरवरची भिंत यंत्रमानवाला ९५ सेंटिमीटरवर वाटते. येथे काहीच विकत घ्यायचे नाही. आज्ञावलीतला एक आकडा बदलला, की संवेदक सुधारला.

मेंदू केव्हा बदलावा?

मेंदू बदलण्याची हौस सर्वांना असते. पण संचातील साध्या ‘आर्डुइनो उनो’ पट्टीचाच वेग पाहा. तिच्यातील सूक्ष्मनियंत्रकाचे घड्याळ सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके देते. सेकंदाला ३४ सेंटिमीटर चालणारा यंत्रमानव एक मिलिमीटरही पुढे सरकत नाही, तोच त्याला विचार करायला ४० हजारांहून अधिक ठोके मिळालेले असतात. रेघ धरायला हा मेंदू पुरून उरतो. कॅमेऱ्यातले चित्र समजून घ्यायचे असेल, बिनतारी संदेश पाठवायचे असतील, जोडणीची टोके किंवा स्मृती अपुरी पडत असेल, तरच नवा मेंदू घ्यावा. नव्या पट्ट्यांपैकी ‘ईएसपी ३२’सारख्या कित्येक ३.३ व्होल्टवर चालतात. जुन्या संवेदकाचा ५ व्होल्टचा संदेश त्यांना थेट दिला तर त्या निकामी होऊ शकतात. मधे १,००० आणि २,००० ओहमचे दोन रोधक लावून तो संदेश ३.३ व्होल्टवर आणावा लागतो.

बदल सोपा व्हावा असा विचार आधीपासूनच केला तर किती सोय होते, याचा चांगला नमुना मुंबईच्या आयआयटीतील ई-यंत्र प्रकल्पात वापरलेल्या ‘फायर बर्ड ५’ या यंत्रमानवात दिसतो. त्यात सूक्ष्मनियंत्रक मुख्य पट्टीवर पक्का बसवलेला नसून वेगळ्या, उपसता येणाऱ्या पट्टीवर आहे. ती काढून दुसऱ्या जातीच्या सूक्ष्मनियंत्रकाची पट्टी खोचता येते. मोटारी, संवेदक आणि निकेल-मेटल हायड्राइड घटांचा ९.६ व्होल्टचा संच तसाच राहतो. तुम्हीही शक्य तेथे सोल्डर करण्याऐवजी खोचण्याची जोडणी ठेवा. पुढच्या वर्षीची मुले तुम्हाला दुवा देतील.

करून पाहा

साहित्य: तुमचा यंत्रमानव, मल्टिमीटर, ताणकाटा, दोरी, वही.

१. यंत्रमानवाच्या मागच्या बाजूला ताणकाटा दोरीने बांधा आणि काट्याचे दुसरे टोक खुंटीला अडकवा. यंत्रमानव सुरू करा. तो जास्तीत जास्त किती न्यूटन ओढतो ते वाचा. चाके घसरली की थांबली, हेही लिहा. चाके थांबली तर तीन-चार सेकंदांत बटण बंद करा, नाहीतर मोटार तापते.

२. तो ओढत असताना तीन ठिकाणी विभवांतर मोजा: सेलच्या टोकांवर, ड्रायव्हरच्या प्रवेशाच्या टोकांवर आणि मोटारीच्या टोकांवर. सर्वांत जास्त व्होल्ट जेथे हरवतात, तेथे खूण करा.

३. हेच वाचन फरशीवर आणि मातीवर, दोन्हीकडे घ्या.

४. आता एकच भाग बदला आणि सर्व वाचने पुन्हा घ्या. दोन भाग एकदम बदलू नका. सुधारणा कोणामुळे झाली, किंवा बिघाड कोणामुळे झाला, हे मग कळत नाही.

५. काढलेला जुना भाग जपून ठेवा. नवा भाग निरुपयोगी ठरला, तर परत फिरता आले पाहिजे.

सावधगिरी: लिथिअमचे घट वजनाला हलके आणि फार जोरकस असतात, पण त्यांची दोन टोके चुकून एकमेकांना लागली तर काही क्षणांत ते तापतात आणि पेटही घेऊ शकतात. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले घट वापरू नका. लिथिअमचे घट वापरायचेच तर संरक्षक मंडल असलेले घ्या, त्यांच्यासाठीचाच प्रभारक वापरा, शिक्षक समोर असताना प्रभारित करा आणि पत्र्याखालच्या तापलेल्या खोलीत ठेवू नका. शाळेतल्या कामाला निकेल-मेटल हायड्राइड घट अधिक बरे. मात्र टोके एकमेकांना लागू न देण्याची काळजी त्यांच्या बाबतीतही घ्यावी.

शेवटी वहीच मोठी

आता आपल्या केजच्या मुलांकडे परत येऊ. मोटार, बॅटरी की मेंदू, असा त्यांचा वाद होता. मोजमाप केल्यावर असे दिसले, की आधी बदलायचे ते सेल. मेंदूला हात लावायचे कारण नव्हते. मोटार बदलायची असली, तरी मोठी नव्हे, संथ हवी होती. उरलेली कामे सायकलची जुनी ट्यूब, काळा कागद आणि आज्ञावलीतला एक आकडा यांनीच होणार होती.

प्रदर्शनात परीक्षक यंत्रमानवाची चाल पाहतीलच. पण “हाच भाग का बदललात?” असे त्यांनी विचारले, आणि मुलांनी वही उघडून आधीचे व नंतरचे आकडे दाखवले, तर त्या उत्तराची किंमत चकचकीत मोटारीहून अधिक आहे. पुढे याच मुलांपैकी कोणी शेतातला पंप दुरुस्त करील, कोणी कारखान्यातले यंत्र सांभाळील. तेथेही यंत्र अडेल, पैसे थोडे असतील आणि दहा जण दहा सल्ले देतील. तेव्हा मल्टिमीटर हातात घेऊन प्रथम कमकुवत कडी शोधणारा माणूस सर्वांना हवा असेल.

विचार करा

१. एका यंत्रमानवाची चाके मातीवर गरगर फिरतात, पण तो सरकत नाही. त्याच्या चाकांवर बरोबर मध्यभागी थोडे वजन ठेवले तर काय होईल? फार वजन ठेवले तर?

२. सहा घटांवर १ अँपिअर विद्युतधारा घेणाऱ्या यंत्रमानवाच्या घटांवर ‘२००० मिलिअँपिअर-तास’ लिहिले आहे. तो अंदाजे किती वेळ चालेल?

३. पहाटे १२ अंश तापमानात ध्वनीचा वेग किती असेल? ३४० मीटर वेग धरणारी आज्ञावली तेव्हा अंतर जास्त दाखवील की कमी?